गोर जिंकले असते? चार काउंट्या की अख्खं फ्लोरिडा

2000 सालच्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जॉर्ज बुश यांनी फ्लोरिडा राज्य अवघ्या 537 मतांनी घेतलं, आणि त्यासोबत अध्यक्षपदही. त्यांचे प्रतिस्पर्धी, डेमोक्रॅट पक्षाचे अल गोर यांच्यापुढे फेरमोजणीच्या दोन वाटा होत्या.

त्यांनी मागितली चार काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांची, हातमोजणी. डेमोक्रॅट पट्टा, म्हणून सोयीची वाटली. पण वृत्तपत्रांच्या गटाने 2001 मध्ये केलेल्या तपासणीत त्या वाटेने बुशच 225 मतांनी पुढे निघाले.

दुसरी वाट म्हणजे यंत्राने नाकारलेल्या राज्यभरातल्या सगळ्या मतपत्रिका. खरं घबाड इथे होतं. गोरसमोरचा गोल काळा केलेला, खाली पुन्हा गोरचंच नाव लिहिलेलं. यंत्राने दोन मतं धरून पत्रिका बाद केली! ही मतं धरली तर गोर 60 ते 171 मतांनी जिंकतात. वकील मात्र मतपत्रिकेला पाडलेल्या भोकाला लोंबणाऱ्या कागदी टिकल्यांवरच भांडत राहिले.