मीटर मागे फिरवलेल्या चार हार्ड डिस्क

तीन तास. नवी हार्ड डिस्क लावून तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, काढली, तेव्हा 'पॉवर ऑन अवर्स'समोर, म्हणजे डिस्क किती तास चालली त्यासमोर, एवढाच आकडा होता. कारखान्यात तपासताना तेवढे तास जात असतील, अशी मीच माझी समजूत घातली आणि पुढच्या कामाला लागले. मी अकरा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्याच्या कामावर विश्वास न ठेवण्याचाच पगार घेते म्हणा ना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

घरात सर्व्हर बसवायचं ठरलं ते बाबांमुळे. त्यांच्याकडे भजनी मंडळाच्या आणि घरच्या कार्यक्रमांच्या साठेक कॅसेट आणि काही मिनी डीव्ही टेप होत्या. गेल्या वर्षभरात त्या सगळ्या आम्ही कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. त्यात नवऱ्याचे फोटो, तेही रॉ फाइलमधले. सगळं मिळून ९ टीबीच्या आसपास, आणि ते पाच-सहा पोर्टेबल डिस्कवर विखुरलेलं. कुठल्या डिस्कवर काय आहे हे फक्त नवऱ्याला माहीत, आणि त्यालाही नक्की नाही. म्हणून जुन्या डेस्कटॉपमध्ये १२ टीबीच्या चार डिस्क घालायच्या, झेडएफएस या फाइली सांभाळणाऱ्या व्यवस्थेत रेड-झेड १ नावाची जोडणी करायची, म्हणजे एक डिस्क गेली तरी माल शाबूत, असा बेत केला.

डिस्क घेतल्या एका मोठ्या ऑनलाइन बाजारातल्या विक्रेत्याकडून. बाकी ठिकाणी भाव २२ हजारांच्या पुढे होता, याचा १६,८००. संशय यावा इतका स्वस्त नव्हता, आणि सेलही चालू होता. खरी हुशारी इथेच आहे. निम्म्या किमतीत दिली असती तर मी शंभर प्रश्न विचारले असते. पाच-सहा हजार कमी म्हटल्यावर आपण स्वतःलाच चलाख समजतो.

पार्सल आलं, एक डिस्क लावून बघितली, ते तीन तास दिसले. बाकीच्या तीन तशाच सीलबंद ठेवल्या, कारण कॅबिनेट यायचं होतं. ते आलं नवव्या दिवशी. परत करायची मुदत सात दिवसांची. मग काय, चारही लावल्या, पूल, म्हणजे चौघींचा मिळून एकच साठा, तयार केला आणि कॉपी सुरू. तपासणी बिपासणी काही नाही. वर दोन पोर्टेबल डिस्क रिकाम्या झाल्या म्हणून फॉरमॅट करून भाच्याला देऊनही टाकल्या.

तेविसाव्या दिवशी एका डिस्कचे पेंडिंग सेक्टर वाढायला लागले. वाचता न आलेले सेक्टर डिस्क अशा यादीत घालते, स्मार्टमधला १९७ क्रमांकाचा आकडा. सकाळी ८ होते, संध्याकाळी २०० च्या वर, दुसऱ्या दिवशी डिस्क दिसेनाशीच झाली. मी धावत जाऊन दुसरीकडून नवी डिस्क आणली, रीसिल्व्हर सुरू केलं. रीसिल्व्हर म्हणजे उरलेल्या तिन्ही डिस्क सलग वाचून चौथीवरचा माल परत बांधायचा. त्या ताणात उरलेल्यांपैकी आणखी एक वाचनात चुकायला लागली. रेड-झेड १ एकच डिस्क गेलेली सोसतं. झेडएफएसचं एक बरं, ते खोटं बोलत नाही. कुठल्या फाइली खराब झाल्या त्यांची नावानिशी यादी देतं. ४१ नावं होती.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "अगं, फार्म लॉग बघितलास का?" मी नावही ऐकलं नव्हतं.

आपण स्मार्टमध्ये जे तास बघतो ते पुसता येतात. जुन्या गाडीचं मीटर मागे फिरवतात तसंच हे. पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंदवही असते, तिथे तास वेगळे लिहिले जातात. डिस्कची माहिती काढायच्या स्मार्टमाँटूल्स या प्रोग्रामच्या ७.४ आवृत्तीपासून त्यातल्या स्मार्टसीटीएल या कमांडला ती वाचता येते. माझ्या डिस्क त्याच कंपनीच्या होत्या. बनवणाऱ्या कंपनीचा यात काही दोष नाही, तिचा माल मधल्या माणसांनी रंगवून विकला. रात्री अकराला घरी बसून चालू असलेल्या तिन्ही डिस्कचा लॉग काढला. २७,४१२ तास. २७,३९८ तास. ३१,०६५ तास.

वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे पहिली डिस्क तीन वर्षं आणि वर दीड महिना रात्रंदिवस फिरून माझ्याकडे आली होती. पहिल्या दोघींमध्ये फरक फक्त १४ तासांचा. बहुतेक एकाच मशीनमध्ये शेजारी-शेजारी बसलेल्या बहिणी.

मग वाचत गेले. २०२१ मध्ये चिया नावाचं एक आभासी चलन आलं. त्याचं खाणकाम ग्राफिक कार्डावर होत नाही, डिस्कवरच्या रिकाम्या जागेवर होतं. लोकांनी ढिगाने मोठ्या डिस्क घेतल्या, इतक्या की तेव्हा जगभर भाव चढले होते. पुढे चलन पडलं आणि त्या डिस्क बाजारात आल्या. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतल्या हाइजे या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने हे प्रकरण बाहेर काढलं. तिथल्या ग्राहकांना नव्या म्हणून विकलेल्या डिस्कच्या फार्म लॉगमध्ये १५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत तास निघाले होते. नंतर त्याच वर्षी मलेशियात एका गोदामावर छापा पडला, तिथे अशाच डिस्क 'नव्या' केल्या जात होत्या. माझ्या डिस्क कुठून आल्या ते मला सांगता येणार नाही. पण पद्धत तीच.

टॉर्च लावून बघितलं तेव्हा आणखी गोष्टी दिसल्या, आधीच दिसायला हव्या होत्या अशा. स्क्रूच्या भोकांभोवती गोल ओरखडे. साटाच्या, म्हणजे केबल जोडायच्या जागेच्या, सोनेरी पट्ट्यांवर घासल्याच्या बारीक रेघा. एका डिस्कचं लेबल एका कोपऱ्यात किंचित उचललेलं, खाली जुन्या गोंदाचा माग. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर उत्तर आलं की ही डिस्क कॉम्प्युटर बनवणाऱ्या कुणा कंपनीला विकलेली होती, थेट ग्राहकाला वॉरंटी नाही. हे शोधायला दोन मिनिटं लागतात. मी ती दोन मिनिटं पहिल्या दिवशी काढली नाहीत.

विक्रेत्याचं उत्तर जसंच्या तसं देते: "मॅडम, ये टेस्टिंग का डेटा है, इग्नोर कीजिए." तीन वर्षं टेस्टिंग! मीसुद्धा एवढी करत नाही. पुढच्या मेसेजला उत्तर नाही. ऑनलाइन बाजारवाल्यांनी मुदत संपल्याचं कारण दिलं. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सोबत फार्मचे आकडे, लेबलचे फोटो आणि 'नवी' असं लिहिलेलं उत्पादनाचं पान जोडलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं, हेही त्यात लिहिलं. पाच आठवड्यांनी बंद पडलेल्या दोन डिस्कचे पैसे आले. उरलेल्या दोन 'चालू स्थितीत' आहेत म्हणून त्यांचे नाही. भांडण अजून संपलेलं नाही.

आता या वेळी नव्याने घेतलेल्या चार डिस्कबद्दल. त्या जरा जास्त पैसे देऊन, पक्क्या बिलावर घेतल्या. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढला, त्यात लेबलवरचा सीरियल नंबर स्पष्ट दिसेल असा. डिस्क लावल्यावर ती स्वतःचा जो नंबर सांगते तो लेबलशी जुळवला. मग स्मार्टचे तास, फार्मचे तास, दोन्ही शेजारी-शेजारी लिहून ठेवले. इथेच फरक दिसला तर पुढे जायचं नाही, खोकं बंद करून परत. आता तर फार्मचे आकडेही बदललेल्या डिस्क सापडल्याच्या बातम्या आहेत, त्यामुळे आकडे जुळले म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही.

त्यानंतर बॅडब्लॉक्स हा डिस्क तपासायचा प्रोग्राम, लिहिण्याच्या पद्धतीने. हे पूर्ण डिस्कवर एक ठरावीक नमुना लिहितं, मग सगळा वाचून पडताळतं, असे चार नमुने. डिस्कवर जे असेल ते पुसलं जातं, म्हणून डिस्कचं नाव तीनदा वाचून मगच एंटर. १२ टीबीच्या डिस्कला ब्लॉकचा आकार ४०९६ द्यावा लागतो, नाहीतर नुसती चूक दाखवून थांबतं. १८ टीबीला तोही पुरत नाही, ८१९२ लागतो. बॅडब्लॉक्स खोटं पकडत नाही, दुखणं पकडतं. जुनी पण ठणठणीत डिस्क यातून सुखरूप पार पडेल. म्हणून दोन्ही करायचं.

आता ज्याच्यामुळे मी फसले तो हिशोब. १२ टीबीची डिस्क बाहेरच्या कडेला वेगात चालते, आत जाता-जाता मंदावते. सरासरी सेकंदाला १९० एमबी धरली तर एकदा पूर्ण लिहायला साडेसतरा तास. चार वेळा लिहिणं, चार वेळा वाचणं, १४० तास. पावणेसहा दिवस. आधी आणि नंतर स्मार्टची लाँग टेस्ट, म्हणजे डिस्कने स्वतःलाच पूर्ण तपासणं, करायची तर प्रत्येकी अठरा-वीस तास. बेरीज सात दिवसांच्या बाहेर जाते आणि परतीची मुदत नेमकी सात दिवसांची. म्हणून मी आधीची लाँग टेस्ट सोडते. दोन मिनिटांची छोटी टेस्ट करून पार्सल आल्या दिवशीच, चहाच्याही आधी, बॅडब्लॉक्स सुरू. चारही डिस्कवर एकदम चालवलं तरी वेळ तेवढाच लागतो. कॅबिनेट यायचं असेल तर ते आधी मागवा, डिस्क नंतर.

यात आमच्याकडे गुरुवार येतो. दुरुस्तीसाठी दर गुरुवारी वीज जाते, कधी सकाळी दोन तास, कधी दुपारपर्यंत. पाचव्या दिवशी वीज गेली की बॅडब्लॉक्स पहिल्यापासून. म्हणून पार्सल गुरुवारी संध्याकाळी येईल अशी ऑर्डर टाकली, आणि तरीही यूपीएस शेजाऱ्यांकडून आठवडाभर मागून आणला. उघड्या डिस्कसमोर टेबलफॅन लावलाय. बाबा विचारतात, "अगं, डिस्कला ताप आलाय का?" ४५ अंशांच्या वर जाऊ देत नाही एवढंच.

परवा एका डिस्कचा १९९ क्रमांकाचा आकडा वाढताना दिसला आणि पोटात गोळा आला. तो सीआरसीचा, म्हणजे केबलमधल्या चुकांचा. साठ रुपयांची साटा केबल बदलली, आकडा तिथेच थांबला. डिस्क बिचारी निर्दोष होती.

त्या ४१ फाइलींपैकी ३४ इतरत्र सापडल्या. आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, त्याची फाइल गेली होती. पण मूळ कॅसेट सांगलीला काकांच्या कपाटात निघाली, मागच्या शनिवारी जाऊन ती पुन्हा उतरवून आणली. भाच्याच्या मुंजीचे सहा फोटो मात्र गेले ते गेले.

हे लिहितेय तेव्हा बुधवारची रात्र आहे. तिसऱ्या डिस्कवर शेवटच्या नमुन्याचं वाचन ६१ टक्क्यांवर आहे, बाकी तिघी दोन-चार टक्के पुढे. पेंडिंग चारही ठिकाणी शून्य. परतीची मुदत उद्या रात्री बारापर्यंत आहे आणि उद्या गुरुवार.