शिलाईचं जुनं काळं पायमशीन: दिवाळीपासून वापरतेय, आता सांगते

बजेट सात हजारांचं. तेवढ्यात नवं प्लास्टिक अंगाचं झिगझॅग मशीन (नागमोडी टीपही घालणारं) ओढूनताणून बसत होतं. घेतलं मात्र जुनं काळं मशीन, लोखंडी स्टँडसकट साडेचार हजारांत. फॉल, अस्तराचे ब्लाउज, अभ्रे, जीन्सची लांबी कमी करणं, एवढं माझं काम.

जुनं घ्यायचं तर तपासून घ्या. दोरा न ओवता वहीच्या कागदावर रेघेवरून टीप मारून पाहा. भोकं सरळ आणि सारख्या अंतरावर पडायला हवीत. मग सुती कापडाच्या दोन पदरांवर, वर लाल दोरा, बॉबीनमध्ये, म्हणजे खालच्या छोट्या रिळात, पांढरा. वरून पांढरे ठिपके दिसले तर वरचा दोरा जास्त ताणलेला असतो, टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, सैल केलं की बहुतेकदा जमतं. पण सुईचा दांडा हाताला डुगडुगत असेल तर सरळ सोडून द्या. नवा रंग आणि सोनेरी नक्षी कुणीही चिकटवून देतं!

ताकदीला तोड नाही. जीन्सच्या जाड शिवणीवर 16 नंबरची सुई लावून चाक हाताने फिरवत नेते, अडत नाही. सुती ब्लाउजला 14, शिफॉनला 11. टाके सुटायला लागले की मी आधी सुई बदलते, मग बाकीचं बघते.

थंडीत एकदा चाक जडच झालं. आधीच्या बाईंनी खोबरेल घातलेलं, ते आत गोठलं होतं. मेकॅनिकने रॉकेलने धुऊन मशीनचं पातळ तेल सोडलं, तेव्हापासून आवाजही कमी झाला. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा सैलावतो. तुकडा कापून टोकं जोडणारी तार पुन्हा अडकवायची, झालं. बॉबीन केस, शटल वगैरे सुटे भाग पुण्यात रविवार पेठेत सहज मिळतं.

ताणणाऱ्या कापडाला मात्र हे चालत नाही. याची टीप सरळच, त्यामुळे लेगिंग पायात चढवतानाच ती तटकन तुटते. मुलांचे होजिअरीचे कपडे शिवायचे असतील तर थोडे पैसे साठवून झिगझॅगच घ्या. पिको मी बाहेरूनच करून घेते.

मोटर बसवून मिळत होती, नको म्हटलं. पायाने वेग हातात राहतो, आणि गुरुवारी वीज गेली तरी ब्लाउज अडत नाही. स्टँड जागा खातो, हे खरं.