वीरगळ उभे करणारी पाथरवट टोळी: पाया चोख, धुलाई मात्र नको

पश्चिम विदर्भातल्या काळ्या जमिनीत वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड, सरळ राहत नाहीत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दगड हळूहळू कलत जातो. धुऱ्यावर, पारापाशी आडवे झालेले असे दगड उभे करून देणाऱ्या या टोळीचं पायाचं काम खरंच चोख आहे.

५ फूट उंच, दीड फूट रुंद, ८ इंच जाड बेसाल्टचा दगड ४०० किलोंच्या घरात जातो. टोळी तो पहारीने रेटत नाही. पोती गुंडाळते, पट्टा लावते आणि तिपाईला टांगलेल्या चेन कप्पीने उचलते. खड्ड्यातली काळी माती पूर्ण काढून मुरूम भरते, दर ६ इंचांचा थर पाणी मारून धुमसाने ठोकते. वर चुना, सुरखी (विटांची भुकटी), वाळू १:१:२. सिमेंट नाही, हे फार बरं. सिमेंटातले क्षार दगडात चढतात आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वालुकाश्माचे तर पापुद्रेच सुटतात.

खोलीचा अंदाजही अचूक. वीरगळाच्या तळाशी न घडवलेला खडबडीत भाग असतो, तेवढाच जमिनीत जायचा. जास्त पुरला की खालचा कप्पा गडप. वीर गाई सोडवताना पडला की लढाईत, ते तिथेच कोरलेलं असतं. वर अप्सरा त्याला नेतात, त्याच्याही वर तो शिवलिंग पूजतो. हे कप्पे बऱ्याच दगडांवर सारखेच. चारही बाजूंनी कोरलेला दगड मात्र ही मंडळी सवयीने भिंतीला टेकवतात, तेव्हा आधीच बजावा.

धुलाई त्यांच्याकडे देऊच नका. तारेचा ब्रश आणि अ‍ॅसिड, दोन्ही घातक. सतीशिळेवर, म्हणजे सती गेलेल्या स्त्रीच्या स्मृतिदगडावर, कोपरात वाकलेला हात असतो, मनगटावरच्या बांगड्या ही सौभाग्याची खूण. त्या बारीक रेघा पहिल्या झिजतात, आणि तारेचे कण दगडात अडकून पुढे गंजाचे डाग पडतात. नायलॉनचा मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं. शेंदराची पुटं छिन्नीने उडवू देऊ नका. दगड पूजेतला असेल तर आधी गावाला विचारा.

भाव दगडामागे नाही, रोजीवर, त्यामुळे घाई होत नाही. चुना पक्का होईपर्यंत ओली पोती ठेवायचं काम आपलं, किमान ७ दिवस. संरक्षित स्मारकाच्या आवारातला दगड असेल तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी हातात आल्यावरच टोळीला बोलवा.