अवतार: द लास्ट एअरबेंडर, संपूर्ण ब्लू-रे संच: मोठ्यांच्या कपाटातली मुलांची मालिका

निकलोडियन या मुलांच्या अमेरिकी वाहिनीवर २१ फेब्रुवारी २००५ रोजी सुरू झालेली आणि १९ जुलै २००८ रोजी संपलेली ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही ऍनिमेशन मालिका जून २०१८ मध्ये प्रथमच संपूर्ण ब्लू-रे संचाच्या रूपात विक्रीला आली. पुढे २०२० मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने तिची पत्र्याच्या वेष्टनातली मर्यादित आवृत्तीही निघाली. असे संच कोणासाठी काढले जातात हे उघड आहे, कारण दहा वर्षांचे मूल मर्यादित आवृत्तीसाठी हट्ट धरत नाही. हा हट्ट तिशी-पस्तिशीतल्या प्रेक्षकाचा असतो. त्याने शाळेत असताना ही मालिका अधूनमधून पाहिलेली असते, किंवा नोकरीला लागल्यावर कोणाच्या तरी आग्रहाने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहून काढलेली असते. हे परीक्षणही अशाच ग्राहकासाठी आहे, आणि एकसष्ट भागांची ही मालिका विकत घेऊन कपाटात ठेवावी का, एवढाच त्याचा विषय आहे.

प्रथम चित्राबद्दल, कारण ब्लू-रेसाठी जादा पैसे मोजणाऱ्याची पहिली अपेक्षा तीच असते. ही मालिका जुन्या, चौकोनी दूरचित्रवाणी संचांच्या काळात, साध्या प्रतीच्या चित्रासाठी तयार झाली. त्यामुळे उच्च प्रतीचे मूळ चित्र कोठेतरी तळघरात पडून होते आणि ते आता बाहेर काढले, असे येथे झालेले नाही. आहे तेच चित्र मोठे करून, शक्य तेवढे स्वच्छ करून दिले आहे. आजच्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात, आणि तसेच राहावेत. दूरच्या दृश्यांत चेहऱ्यांच्या रेषा मऊ पडतात, बारीक नक्षी विरघळल्यासारखी दिसते. वेष्टनावरचा ब्लू-रेचा शिक्का पाहून नव्या चित्रपटासारख्या धारदार चित्राची अपेक्षा करणाऱ्याचा येथे हिरमोड होईल. जुन्या डीव्हीडी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मात्र फरक लगेच कळेल. वेगवान मारामारीत हलणाऱ्या हातांमागे जी भुताटकी सावली तेथे ओढली जात असे, ती येथे गेली आहे, आणि ज्या मालिकेचे निम्मे व्याकरण हातापायांच्या हालचालींत आहे तिच्या बाबतीत ही सुधारणा किरकोळ नाही.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. पाणी, पृथ्वी, अग्नी आणि वायू या चार तत्त्वांची चार राष्ट्रे आहेत. काही माणसांना आपले तत्त्व अंगाच्या हालचालींनी वळवता येते, आणि चारही तत्त्वे वश असलेला एकच अवतार पुन्हा पुन्हा जन्म घेतो. आंग हा बारा वर्षांचा मुलगा शंभर वर्षे बर्फात गोठून राहतो आणि जागा होतो तेव्हा अग्निराष्ट्राने त्याचे सारे वायुपंथी लोक संपवलेले असतात. तिसऱ्याच भागात तो आपल्या जुन्या मठात परततो, आणि तेथे त्याला आपला गुरू ग्यात्सो याचा सांगाडा सापडतो. माळ अजून गळ्यात, आणि भोवती अग्निराष्ट्राच्या सैनिकांची शिरस्त्राणे आणि हाडे. तेथे काय घडले, म्हाताऱ्या भिक्षूने मरण्यापूर्वी काय केले असेल, हे कोणीही बोलून दाखवत नाही. दृश्य काही क्षणांचे आहे. आठ वर्षांच्या मुलाला त्यातून एवढेच कळते की आजोबांसारखा माणूस गेला. मोठ्या माणसाला मात्र हा अहिंसक पंथाचा साधू होता हे आठवते, आणि मग ती भोवतालची हाडे मोजावीशी वाटतात.

अशाच दृश्यांचा दाखला देऊन इंटरनेटवरचे पुष्कळसे लेखक एक मत हिरिरीने मांडतात: ही मालिका मुळात मुलांची नाहीच, ती मुलांच्या वाहिनीवर चुकून लागली. याच्या उलट बाजूला दुसरा एक वर्ग आहे. त्याच्या मते प्रौढांनी कार्टूनवर दोन-दोन हजार शब्दांचे निबंध लिहिणे हे न वाढलेल्या मनाचे लक्षण आहे. मला ही दोन्ही मते एकाच न्यूनगंडाची अपत्ये वाटतात. पहिल्याला आपल्या आवडीची लाज वाटते म्हणून तो आवडत्या वस्तूची जात बदलून दाखवतो, आणि दुसऱ्याला ती जातच हलकी वाटते. मुलांसाठी लिहिलेले मोठ्यांनी वाचणे यात आपल्याला तरी नवल वाटू नये. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही घेतला जातो तो केवळ मुलांच्या वाढदिवसासाठी नव्हे, आणि घेणारा ‘हे खरे तर मोठ्यांचे साहित्य आहे’ अशी सबब पुढे करत नाही.

‘अवतार’ मुलांची मालिका आहे आणि तिचे बहुतेक गुण याच बंधनातून आलेले आहेत, हे या संचातून सलग पाहताना फार ठळकपणे जाणवते. रक्त दाखवायचे नाही, मृत्यूचे नाव शक्यतो घ्यायचे नाही, आणि तरीही वंशसंहार, निर्वासितांचे लोंढे आणि युद्ध नाकारणारे, बंदिस्त तटबंदीचे बा सिंग से हे शहर दाखवायचे, अशी ती कसरत आहे. दुसऱ्या पर्वात जेट नावाचा बंडखोर मुलगा जिव्हारी जखमी होतो आणि कॅमेरा वेळेवर दुसरीकडे वळतो. तिसऱ्या पर्वातल्या ‘द एम्बर आयलंड प्लेयर्स’ या भागात आंग आणि त्याचे सोबती स्वतःच्याच पराक्रमांवरचे एक भिकार नाटक पाहायला बसतात. जेट मेला की नाही असे तेथे एकजण विचारतो, तेव्हा ते अगदीच अस्पष्ट होते असे उत्तर मिळते. लेखकांनी वाहिनीच्या नियमांचा एवढा सभ्य सूड क्वचितच घेतला असेल. त्याच नाटकात आंगची भूमिका एक बाई करते म्हणून आंग बिथरतो, आणि पृथ्वी वळवणाऱ्या चिमुरड्या टॉफची भूमिका एक धिप्पाड पुरुष करतो म्हणून टॉफ हरखून जाते. बालगंधर्वांचा वारसा सांगणाऱ्या मराठी प्रेक्षकाला आंगचा थयथयाट जरा पोरकटच वाटेल.

मोठ्या चाहत्यांचा सर्वांत लाडका माणूस मात्र आंग नाही. तो मान आयरोहचा. एके काळचा सेनापती, आता चहाचा शौकीन, आणि अग्निराष्ट्राचा परागंदा राजपुत्र झुको याचा काका. ‘टेल्स ऑफ बा सिंग से’ या भागातली त्याची छोटी गोष्ट वेगळी उल्लेखावी लागते. दिवसभर तो बाजारात फिरतो, रडणाऱ्या पोराला गाणे म्हणून हसवतो, लुटायला आलेल्या भुरट्या चोराला आधी नीट उभे कसे राहावे हे शिकवतो आणि मग चहा पाजतो. संध्याकाळी टेकडीवरच्या झाडाखाली युद्धात गेलेल्या मुलाचे चित्र मांडून तेच गाणे म्हणताना त्याचा आवाज फुटतो. आयरोहला आवाज देणारे जपानी वंशाचे अभिनेते माको जुलै २००६ मध्ये वारले, आणि या गोष्टीच्या शेवटी मालिकेने त्यांना आदरांजली वाहिली आहे. तिसऱ्या पर्वात ग्रेग बाल्डविन यांनी ती भूमिका इतक्या निगुतीने सांभाळली आहे की सांधा शोधावा लागतो. झुको क्षमा मागायला येतो आणि त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच काका त्याला मिठीत ओढतो, ते दृश्य बाल्डविन यांच्या आवाजातले आहे.

भारतीय प्रेक्षकाला डिवचणारा भाग दुसऱ्या पर्वाच्या शेवटाकडे येतो. डोंगरावरच्या मठात पथिक नावाचा गुरू आंगची सात चक्रे उघडून देऊ लागतो. प्रत्येक चक्राला एक तत्त्व आणि एक अडथळा वाटून दिलेला आहे: भय, अपराधभाव, लाज, शोक, असत्य, भ्रम आणि शेवटी आसक्ती. ज्याने ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय एकदा तरी वाचला आहे त्याला हे सुलभीकरण वाटणार, आणि ते तसे आहेच. अडथळ्यांची यादी आपल्या परंपरेपेक्षा आधुनिक समुपदेशकाच्या खोलीतून आल्यासारखी आहे. तरी तत्त्वांची मांडणी हवेतली नाही. पृथ्वी, जल, अग्नी आणि वायू हा क्रम मूलाधारापासून अनाहतापर्यंतच्या क्रमाशी जुळतो, आणि कंठाशी ‘ध्वनी’ ठेवला आहे तोही आकाशाचा गुण शब्द मानणाऱ्यांना परका वाटू नये. खटकतो तो गुरूच. कांदा आणि केळे यांचा रस पिणारा, ठसकेबाज उच्चारांचा हा म्हातारा पाश्चात्त्य कल्पनेतल्या गमतीदार भारतीय साधूपासून फार लांब जात नाही. चिनी, जपानी आणि उत्तर ध्रुवाकडच्या संस्कृतींशी एवढ्या अदबीने वागणाऱ्या मालिकेने येथे थोडे अधिक कष्ट घ्यायला हवे होते.

शेवटच्या चार भागांवर चाहत्यांत आजही भांडण आहे. अग्निसम्राट ओझाइला मारल्यावाचून युद्ध संपणार नाही असे आंगला सगळे सांगतात. तो आपल्या पूर्वजन्मांना विचारतो, आणि त्याच्याच पंथातली यांगचेनसुद्धा त्याला हेच सांगते की, स्वतःच्या आत्म्याची शुद्धी जपण्यापेक्षा जगाचे कर्तव्य मोठे आहे. कुरुक्षेत्रावर असे उत्तर मिळालेला धनुर्धर धनुष्य उचलतो. आंग उचलत नाही, आणि ऐन वेळी एक प्राचीन सिंहमुखी कासव त्याला शत्रूची शक्तीच काढून घेण्याची विद्या देते. हा तोडगा आयता आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. कासवाची पूर्वसूचना फारच अपुरी आहे. पण बारा वर्षांच्या मुलाला खुनी न बनवण्याचा लेखकांचा आग्रह मुलांच्या मालिकेला शोभणारा आहे, आणि ‘मोठ्यांसाठीच्या’ मालिकेने तो सहज सोडून दिला असता.

फसलेले भागही या संचात आहेत. पहिल्या पर्वातला ‘द ग्रेट डिव्हाइड’ हा एका मोठ्या दरीतला भाग खुशाल वगळावा. वर उल्लेखलेल्या नाटकातही पात्रे त्या दरीवरून न थांबता पुढे उडून जातात.

पुरवणी सामग्रीवर मात्र वेळ घालवावा, कारण हा संच घेण्याचे खरे कारण ती आहे. चार तत्त्वांच्या लढाईच्या पद्धती चार निरनिराळ्या चिनी युद्धकलांवर बेतलेल्या आहेत: पाण्यासाठी ताई ची, पृथ्वीसाठी हुंग गार, अग्नीसाठी उत्तर शाओलिन आणि वायूसाठी वर्तुळात फिरणारी बाग्वा. मालिकेचे सल्लागार सिफू किसू आणि निर्मात्यांपैकी ब्रायन कोनिएत्स्को हे दोघे या हालचाली प्रत्यक्ष करून दाखवतात तो छोटा लघुपट पाहिला की पुढच्या वेळी मालिका वेगळीच दिसते. पाणी वळवणाऱ्या काताराचे मनगट का वळते, टॉफचे पाय जमिनीला का चिकटलेले असतात, हे कळू लागते. चित्रे प्रत्यक्ष हलवण्याचे काम दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंनी केले आहे. तेथील खोल्या आणि टेबलांवर वाकलेली माणसे दाखवणारी फीतही आहे, आणि ज्यांची नावे वाचण्याआधीच आपण वाहिनी बदलतो त्या कलाकारांना निदान येथे चेहरा मिळतो. कधीही प्रसारित न झालेला नमुना भागही जरूर पाहावा. त्यात काताराचे नाव काया आहे, आंगचा आवाज वेगळ्याच मुलाचा आहे, आणि कथा अजून आपला सूर शोधते आहे. मालिकेतल्या फलकांवरची आणि पत्रांवरची अक्षरे निव्वळ नक्षी नाहीत. सुलेखनकार स्यू-ल्यूंग ली यांच्याकडून ती जुन्या चिनी भाषेत लिहून घेतलेली आहेत, आणि चित्र थांबवून पाहण्याची सोय चकतीवर जेवढी निवांत असते तेवढी ती प्रवाही (स्ट्रीमिंग) सेवांवर नसते.

२०१० चा चित्रपट पाहून ज्यांनी या कथेकडे पाठ फिरवली त्यांच्यासाठी एक सांगणे आहे. त्यात मुख्य मुले गोरी आणि अग्निराष्ट्राचे झुको आणि झाओ भारतीय वंशाच्या नटांच्या वाट्याला, अशी वाटणी झाली, आणि त्याविरुद्ध चाहत्यांनी मोठी मोहीम उघडली. मूळ मालिकेत असला घोळ नाही. नेटफ्लिक्सने २०२४ मध्ये आणलेली जिवंत अभिनेत्यांची आवृत्ती पात्रनिवडीत सावध आहे, मात्र तिला हसण्याची भीती वाटते, आणि आंगचा सोबती सोक्का याच्या फाजील विनोदांशिवाय ही कथा जड होते.

खरेदीबाबत एक व्यावहारिक सूचना. ब्लू-रे चकत्यांच्या विभागवारीत अमेरिका ‘ए’ विभागात आणि भारत ‘सी’ विभागात मोडतो, म्हणून बाहेरून संच मागवण्यापूर्वी विक्रेत्याकडून ती विशिष्ट आवृत्ती आपल्या यंत्रावर चालेल का, याची लेखी खात्री करून घ्यावी. घरात लहान मुले असतील आणि यंत्र चकती स्वीकारत असेल तर साधा संच पुरेसा आहे. पत्र्याचे वेष्टन ज्यांना मालिका तोंडपाठ आहे त्यांच्यासाठी सोडावे.