नाशकात बी.ए. समाजशास्त्र: दुसरं वर्ष संपताना

बारावीनंतर समाजशास्त्र घेऊ का, असं विचारणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितेय. मी निफाड तालुक्यातली. घरची द्राक्षबाग आहे, आणि रोज एसटीने नाशकातल्या सीबीएस बसस्थानकावर उतरून कॉलेज गाठते. कॉलेजचं नाव सांगत नाही. पुढच्या तक्रारी वाचून तुम्हाला तुमचंच कॉलेज आठवण्याची शक्यता आहे.

तर आधी तक्रारी. पूर्णवेळ प्राध्यापक कमी, बरेच तास सीएचबीवर, म्हणजे तासांवर पैसे मिळणाऱ्या तात्पुरत्या प्राध्यापकांवर. आम्हाला पहिल्या सत्रात लाभलेल्या मॅडम फार छान शिकवायच्या. नेमणूक संपली, गेल्या. परीक्षा अजूनही ‘व्याख्या सांगून वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ याच वळणाची, त्यामुळे गाइड पाठ करणारे आरामात पुढे जातात. नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), क्रेडिट असं सगळं आलंय. तीन वर्षांवर पदवी, चौथं केलं तर ऑनर्स. कागदावर चांगलं आहे, पण आठवड्यातला बराच वेळ इतर कोर्समध्ये जातो आणि ज्यासाठी आलो तो विषय कोपऱ्यात उभा राहतो.

पहिलं वर्ष कोरडं जातं, हे मनाशी धरूनच या. कॉम्त, स्पेन्सर, मार्क्स, वेबर अशी रांग लागते आणि प्रत्येकाचं योगदान मुद्द्यांत लिहायचं असतं. त्यात मला धरून ठेवलं ते दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने. आत्महत्या म्हणजे ज्याची त्याची खासगी गोष्ट, असं आपण धरून चालतो. त्याने १८९७ साली आकडे मांडून दाखवलं की कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांत आणि विवाहितांपेक्षा अविवाहितांत हे प्रमाण जास्त. म्हणजे माणूस समाजाशी किती घट्ट बांधलेला आहे, यावर बरंच अवलंबून. आमच्या भागात कुणी शेतकऱ्याने जीव दिला की पारावर ‘कर्ज होतं, दारू होती’ एवढ्यावर विषय मिटतो. आता मला तो तिथे मिटवता येत नाही.

दुसऱ्या वर्षी भारतीय समाजाचे पेपर आले आणि विषय घरात शिरला. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांची ‘प्रभावी जात’ मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. संख्या कुणाची, जमीन कुणाची, सोसायटीवर पॅनेल कुणाचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात दाखवलं. हे ज्या आठवड्यात शिकलो, त्याच आठवड्यात सीबीएसजवळ वधू-वर मेळाव्याचा भलामोठा फ्लेक्स लागला होता, पोटजातीसकट. सरांनी नुसतं खिडकीबाहेर बोट दाखवलं असतं तरी तास झाला असता!

नाशकात शिकण्याचा खरा फायदा इथेच आहे. काळाराम मंदिर सिटीबसच्या अंतरावर. २ मार्च १९३०ला तिथे सत्याग्रह सुरू झाला, तो काही वर्षं चालला आणि दरवाजे तरी उघडले नाहीत. मग १९३५ साली येवल्यात, आपल्याच जिल्ह्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. पुस्तकात या दोन ओळी आहेत. पंचवटीत उभं राहून मंदिर, गल्ल्या आणि रामकुंड एका फेरीत बघितलं की प्रश्न सुचायला लागतात. आम्हाला कॉलेजने नेलं नाही, आम्ही मैत्रिणीच गेलो.

सगळ्यात किमती भाग संशोधन पद्धतीचा. बहुतेकांना तो नकोसा वाटतो. मी प्रकल्पाला द्राक्षबागेतल्या मजुरांच्या टोळ्या घेतल्या. पेठ, सुरगाण्याकडून माणसं छाटणीला येतात, एकरी ठेका ठरतो, मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतो. छापील प्रश्नावली पहिल्याच संध्याकाळी निकामी झाली. ‘वार्षिक उत्पन्न किती?’ याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण निम्मा पैसा उचलीत आधीच फिटलेला आणि घरी पावसाळ्यात भात-नागली खाण्यापुरती पिकते. मुकादम शेजारी असला की सगळ्यांची उत्तरं एकसारखी. त्यातून मी बागाईतदाराची पोरगी, म्हणजे “ताई, सगळं बरं आहे.” सर म्हणाले, “हेच अहवालात लिही. विचारणारा कोण यावर उत्तर बदलतं, ही तुझी पहिली नोंद.” मग मी कागद घरी ठेवून, दुसऱ्या गावातल्या टोळीत, बायका भाकऱ्या थापताना जाऊन बसले. टोळीत कोण येणार हे बरंचसं नात्यावर ठरतं, मोठी पोरं आश्रमशाळेत आणि धाकटी बांधावर असतात, हे तिथे कळलं. हे कुठल्याच गाइडात नव्हतं.

वाचायला मराठीत परीक्षेपुरती पुस्तकं भरपूर, त्यापुढे इंग्रजीच घ्यावं लागतं. मी सावानाची, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाची सभासद झाले. १८४०पासूनची संस्था आहे, जुनं मराठी वाचायला फिरून बघाच.

नोकरीचं थोडक्यात. नुसत्या बी.ए.वर दारात कुणी उभं नाही. यूपीएससीला हा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, अडीचशे-अडीचशे गुणांचे दोन पेपर. एमएसडब्ल्यूकडे, म्हणजे समाजकार्यातल्या एम.ए.सारख्या पदवीकडे वळता येतं, किंवा एम.ए. करून सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा; पण सेट-नेट होऊनही सीएचबीवर असलेली माणसं तुम्हाला शिकवायला वर्गात येतीलच, त्यांनाच विचारा. आमच्या आप्पांना अजून वाटतं की मी बी.एस्सी. ॲग्री करायला हवं होतं.

गुण आणि लवकर नोकरी हवी असेल तर दुसरं काही बघा. लोकांत जाऊन बसायची, ऐकून घ्यायची सवय असेल तर जरूर घ्या. आणि आमच्या पट्ट्यातला मजुरीचा विषय प्रकल्पाला घेणार असाल तर गोडी छाटणीच्या (ऑक्टोबरात फळासाठी करतात ती) आधीच सरांकडून मंजूर करून घ्या. ऑक्टोबरात टोळ्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. पावसाने काम बंद पडलं की माणसं निवांत बोलतात, त्या दिवशी मात्र लेक्चर बुडवावं लागलं तरी जा.