एसी टेक्निशियनांसाठी मोबाइलवरचे प्रशिक्षण : पूर्ण हंगामानंतरचा अनुभव

आर-३२ या थंडावा देणाऱ्या गॅसवर चालणाऱ्या नव्या इन्व्हर्टर एसींचे प्रशिक्षण या वेळी आम्ही वर्गातील व्याख्यानांऐवजी मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीच्या मोबाइल ॲपवर, एचफाइव्हपी या संवादी धडे बनवण्याच्या साधनात तयार केलेल्या छोट्या धड्यांमधून दिले. पुणे आणि सोलापूर परिसरातील आमचे टेक्निशियन हिवाळा संपता संपता ते वापरू लागले. उन्हाळ्याची सगळी धावपळ त्यावर निभावून नेल्यानंतर हे लिहीत आहे, कारण अशा प्रशिक्षणाची खरी परीक्षा तक्रारींचा ओघ सुरू झाल्यावरच होते. मला ही पद्धत पटली आहे, पण धडे पूर्ण केल्याच्या टक्केवारीमुळे नव्हे. ग्राहकाच्या गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाला हवी ती माहिती हवी तेव्हा मिळते की नाही, एवढ्याच निकषावर मी तिला जोखत आलो आहे.

पूर्वी एका पुरवठादाराकडून घेतलेले साहित्य फोनवर उघडत असे, पण ते फोनसाठी केलेले नव्हते. आडव्या स्लाइड, सलग पाऊण तासाचा धडा आणि पीसीबीच्या, म्हणजे एसीच्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाच्या, वायरिंगची अखंड आकृती, असे त्याचे स्वरूप होते. ते साहित्य स्कॉर्म १.२ या ऑनलाइन धड्यांच्या मानकाचे होते, आणि त्या मानकात धड्यातील प्रगती साठवण्यासाठी केवळ ४,०९६ अक्षरांची जागा असते. त्यामुळे भरपूर प्रश्न असलेला मोठा धडा अर्ध्यावर सोडला की पुढे कुठून सुरू करायचे ते हमखास लक्षात राहील याची खात्री नसे. नवे धडे करताना आम्ही एका धड्यात एकच काम घेतले आणि वायरिंगच्या आकृतीचे जोडणीनिहाय तुकडे केले. सर्वांत मोठा फरक या दोन निर्णयांनी पडला.

व्हॅक्यूमचा, म्हणजे गॅस भरण्याआधी नळीतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढण्याचा, धडा थोडा सविस्तर सांगतो. मॅनिफोल्डच्या, म्हणजे नेहमीच्या दाबमापकाच्या, गेजवर काटा शेवटाला टेकला की काम झाले, ही समजूत अनेक अनुभवी हातांमध्येही घट्ट बसलेली आहे. प्रत्यक्षात तो काटा टेकलेला असतानाही नळीत ओलावा उरलेला असू शकतो. म्हणून अगदी कमी दाब अचूक मोजणारा मायक्रॉन गेज लावून ५०० मायक्रॉनच्या खाली जायचे, पंप वेगळा करायचा आणि आकडा किती चढतो ते पाहायचे असते. थोडा चढून तो स्थिरावला तर ओलावा, आणि चढतच राहिला तर गळती. वर्गात हे फळ्यावर लिहून सांगितले जात असे. आता उभ्या चौकटीतल्या दीड मिनिटाच्या व्हिडिओत फक्त गेजचा पडदा दिसतो, आकडा चढू लागतो, व्हिडिओ थांबतो आणि पाहणाऱ्याला निदान विचारतो. कंप्रेसरच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून सगळा मजकूर ठळक देवनागरीत पडद्यावरच ठेवला आहे. या धड्यानंतर मायक्रॉन गेज मागून घेणारे टेक्निशियन वाढले, आणि माझ्या दृष्टीने हा सगळ्यांत समाधानाचा परिणाम आहे.

दुसरी उपयोगी गोष्ट म्हणजे एरर कोडचा, म्हणजे बिघाड झाल्यावर एसी दाखवतो त्या सांकेतिक आकड्यांचा, कोश. सुरुवातीला प्रत्येक कोड संबंधित धड्याच्या आत दिला होता. एका ज्येष्ठ टेक्निशियनने स्पष्ट सांगितले, “सर, कोड टाकला की थेट उत्तर दिसू द्या, आधी धडा बघायला लावू नका.” त्यानंतर मूडलच्या शब्दकोश सुविधेत प्रत्येक कोडची स्वतंत्र नोंद केली आणि तिला ‘कूलिंग नाही’, ‘बाहेरचा पंखा बंद’ असे बोलण्यातले पर्यायी शब्द जोडले, हेच शब्द रोमन अक्षरांतही दिले, कारण फोनवर बहुतेक जण तसेच टाइप करतात. हंगामाच्या ऐन भरात धड्यांपेक्षा हा कोशच जास्त उघडला गेला.

व्हिडिओ सेकंदाला सुमारे ६०० किलोबिट एवढे दाबून ठेवले, त्यामुळे दीड मिनिटाची फाइल सात एमबीच्या आत राहते आणि साध्या फोनमध्येही मावते. तळघरात किंवा लिफ्टच्या खोलीजवळ नेटवर्क नसते, तिथे आधी उतरवून ठेवलेला अभ्यासक्रम चालतो. बटणांसाठी अँड्रॉइडच्या मार्गदर्शिकेतील ४८ डीपीचे (डीपी हे पडद्यावरील मापाचे एकक), म्हणजे साधारण नऊ मिलिमीटरचे माप पाळले. घामेजलेल्या बोटांना त्याहून लहान बटण चालत नाही.

प्रश्नांच्या बाबतीत मात्र आग्रह धरावा लागतो. आर-३२ चे जागतिक तापमानवाढ मूल्य (कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत वातावरण तापवण्याची क्षमता) ६७५ आणि आर-४१०ए या दुसऱ्या एसी गॅसचे २,०८८, हे पाठ असल्याने दुरुस्ती सुधारत नाही. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, मग बंद खोलीत गळती आढळल्यावर पहिली कृती कोणती, हे विचारले पाहिजे. तेच प्रश्न काही दिवसांनी आणि पुन्हा काही आठवड्यांनी सकाळच्या वेळी पाठवले, तेव्हा कोणाला काय विसरायला होते ते कळले.

फ्लेअर करणे (जोडणीसाठी तांब्याच्या नळीचे तोंड पसरवणे) आणि ब्रेझिंग (ज्योतीने धातू वितळवून नळ्या जोडणे) या दोन गोष्टी फोनवर शिकवता येत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. नायट्रोजन सोडत ब्रेझिंग का करायचे, हे व्हिडिओ नीट समजावतो. पण ज्योतीचा अंदाज हातालाच यावा लागतो, आणि त्यासाठी कार्यशाळेतला अर्धा दिवस वगळून खर्च वाचवणे धोक्याचे आहे. शिवाय हे धडे पाहण्याचा वेळ कामाच्या तासांतच धरला जावा. रात्री घरी जाऊन पाहा, असे सांगणाऱ्या केंद्रांत लोक धडे नुसते पुढे ढकलतात.

एक अडचण अजून पूर्ण सुटलेली नाही. ऑफलाइन उतरवलेली प्रत फोन जोडला जाईपर्यंत जुनीच राहते, आणि पीसीबीची आवृत्ती बदलली की एखाद्या कोडचा अर्थही बदलू शकतो. म्हणून प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर मॉडेल, पीसीबीची आवृत्ती आणि सुधारणेची तारीख लिहिली आहे, आणि सोमवारी कामे वाटण्याआधी सर्वांनी केंद्राच्या वायफायवर ॲप अद्ययावत करून घ्यायचे, असा नियम केला आहे.