बारा वड्यांचा जलरंगाचा डबा, नऊ महिने वापरल्यावर

गेल्या दिवाळीत बोनस आला तेव्हा बारा हाफ पॅनचा छोटा जलरंगाचा डबा घेतला, आता श्रावण चालू आहे, म्हणजे नऊ महिने झालेच. घेतल्या घेतल्या रिव्ह्यू लिहिणार होते, बरं झालं नाही लिहिला, कारण पहिल्या महिन्यात जे जे भारी वाटलेलं त्यातलं निम्मं आता वाटत नाही.

आधीच सांगते, मी चित्रकार वगैरे नाही. शाळेत एलिमेंट्री-इंटरमिजिएट दिलेल्या, इंटरमिजिएटला सी ग्रेड, त्यानंतर वीस वर्षं ब्रशला हात नाही. हाफ पॅन म्हणजे आपल्या लहानपणच्या रंगाच्या वड्याच, फक्त चौकोनी आणि महाग.

डब्याचं खरं काम त्याच्या साइजने केलं. पर्समध्ये पडून राहतो. घरी ट्यूबचा मोठा सेट आधीपासून होता पण तो काढा, पॅलेट शोधा, पाण्याचं भांडं भरा, एवढ्यात कुकरच्या शिट्ट्या होतात आणि ते राहूनच जातं. हा मात्र बाहेर आला की दोन मिनिटांत सुरू. सासूबाई गवार मोडत बसलेल्या, गॅलरीत वाळत घातलेली चादर, बस स्टॉपवर पेंगणारे एक काका, ओट्यावरचा मिक्सर (हा तीनदा, तिन्ही वेळा भांडं वाकडं), असं बरंच काही झालं.

रंगांचं म्हणाल तर बारापैकी मी पाचच वापरते. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो आणि एक लाल. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की असा करडा मिळतो की पावसाळी आभाळ, डांबर, जुन्या वाड्याचं लाकूड सगळं त्यात निघतं, फक्त निळा जास्त की तपकिरी जास्त एवढंच बघायचं. काळ्याला हात लावला नाही. पांढरा पण तसाच, जलरंगात पांढरं म्हणजे कागद कोरा सोडायचा, हे कळायला मला दोन महिने लागले. डब्यातला हिरवा एकदम प्लास्टिकसारखा, त्यापेक्षा लेमन यलोत चिमूटभर अल्ट्रामरीन घातला तर भाताच्या शेताच्या जवळ जातो. आणि एक झगझगीत गुलाबी मी वेगळा घेतलेला, त्याने बोगनवेल काय सुंदर आली म्हणून फ्रेम करून खिडकीसमोर लावली, चार महिन्यांत अर्धी उडाली. त्या गुलाबीत फ्लुरोसंट डाय असतो आणि तो उजेडात टिकत नाही, हे नंतर वाचलं. आता रंग घेताना लाइटफास्ट किती आहे ते आधी बघते.

सोबत आलेला वॉटर ब्रश, म्हणजे दांड्यात पाणी भरायचा तो, प्रवासात सोयीचा आहे, पण दाबला की भसकन पाणी येतं आणि आभाळाचं तळं होतं. मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, त्याने जमतच नाही. मी आता आठ नंबरचा साधा गोल ब्रश सोबत ठेवते, वॉटर ब्रश फक्त बारीक कामाला.

आता कागद. माझं ऐकाल तर पैसे इथे घाला, रंगावर नाही. सुरुवातीला २०० जीएसएमची (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन २०० ग्रॅम, आकडा मोठा तसा कागद जाड) स्केचबुक घेतली, कव्हर छान म्हणून. पहिल्या वॉशला कागद पापडासारखा वर आला, दुसऱ्या वॉशला वरचा थर सुटून गोळे यायला लागले, मला वाटायचं माझाच हात वाईट. मग ३०० जीएसएमचा शंभर टक्के कॉटन कोल्ड प्रेस, म्हणजे जरा खरखरीत, कागद एकदा वापरला आणि तोच डबा, तोच हात, पण रंग सावकाश पसरायला लागला, ओल्या कागदावर ओला रंग सोडला तर कडा मऊ राहिल्या. महाग आहेच, म्हणून मी २२ बाय ३० इंचाचा पूर्ण शीट आणून घडी घालून १६ तुकडे करते, प्रत्येक साडेपाच बाय साडेसात, पोस्टकार्डापेक्षा मोठा. एक तुकडा वडापावच्या भावात पडतो.

पावसाळ्यात मात्र डब्याने रडवलं. जुलैत ओला डबा तसाच बंद करून ठेवला, आठ दिवसांनी उघडला तर ऑकरवर पांढरी बुरशी. ओल्या कापसाने पुसली, पंख्याखाली दोन दिवस उघडा ठेवला, वाचला. कागद आता पापडाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पापड दुसरीकडे गेले, त्यावरून घरात बोलणी खाल्ली.

प्रवासातलं एकच सांगते. जानेवारीत वाईला गेलेलो, मेणवलीच्या घाटावर वसईहून आलेली ती पोर्तुगीज घंटा आहे ना, तिच्याजवळच्या पायरीवर बसून काढायला घेतलं, मुलं भूक भूक करायला लागली म्हणून अर्धंच सोडलं. फोनमध्ये चाळीस फोटो होते. घरी येऊन फोटोवरून पूर्ण केलं तर घाटाच्या सगळ्या पायऱ्या मोजून बरोबर आणि चित्र मेलेलं. मग फोन आत ठेवून दुसऱ्या तुकड्यावर आठवेल तसं काढलं, चक्क शाळेतल्या स्मरणचित्राच्या पेपरसारखं. पायऱ्या चुकल्या, पण कृष्णेच्या पाण्यावरचा तो सकाळचा पिवळसर उजेड आला, आणि साडी पिळणारी एक बाई आली जी एकाही फोटोत नव्हती. तेव्हापासून जागेवर दहा मिनिटांची पेन्सिल, रंगांच्या नोंदी शब्दात, आणि बाकी घरी, असंच करते.

डबा परत घेईन का? रिकामा डबा घेईन, पाच ट्यूब घेईन आणि स्वतः भरेन. हाफ पॅनमध्ये साधारण दोन मिली बसतो, म्हणजे पाच मिलीच्या ट्यूबमध्ये दोनदा भरून थोडा उरतो, फक्त पावसाळ्यात वाळायला चार-चार दिवस धरा. माझा अल्ट्रामरीन दोनदा संपला. काळा काल खरवडून काढला आणि त्या खणात पण अल्ट्रामरीनच भरलाय, अजून ओला आहे.